‘ओहोटी’मधली शीळ

"नंदकिशोर, वर ये," उदयसिंहने माइकवरून हाक मारली आणि अख्ख्या नाट्यगृहाच्या माना पहिल्या रांगेकडे वळल्या.

नंदकिशोर खुर्चीतच मागे सरकला. त्याच्या एका बाजूला बायको वैजयंती, दुसऱ्या बाजूला त्यांच्याकडेच राहणारी ब्याऐंशीची आई, सगुणाबाई. पलीकडे मुलगी क्षिप्रा फोन उंच धरून बसलेली. बाबांचा व्हिडिओ घ्यायला ती पुण्याहून सुट्टी काढून आली होती.

"जा, बोलावतायत ते," वैजयंती म्हणाली. तिच्या आवाजात ना राग होता ना काही. तेच त्याला लागलं.

वाशीच्या त्या नाट्यगृहात ‘खारफुटी’ या बँडच्या पंचविशीचा सोहळा होता. उदयसिंह त्यांचा गायक. त्यांची धडाकेबाज गाणी पोराटोरांना पाठ, पण पहिल्या कॅसेटमधलं ‘ओहोटी’ आता कुणी विचारत नसे. आलं त्या वर्षी ते रिक्षारिक्षांत वाजलं होतं. सुरुवातीला मिनिटभर नुसती शीळ, मग गिटार. पुढे बँड मोठा झाला आणि ‘ओहोटी’ मागे पडलं. रंगमंचावर तर त्यांनी ते कधी वाजवलंच नाही, कारण शीळ घालणारा माणूस येतच नसे. तीनदा बोलावलं, तिन्ही वेळा त्याची तळोज्याच्या कारखान्यात नेमकी पाळी निघाली.

तो माणूस म्हणजे नंदकिशोर. कारखान्यात लागण्याआधी, त्या पहिल्या कॅसेटच्या वेळी, तो तुर्भ्याच्या एका लहानशा स्टुडिओत ध्वनिमुद्रण करायचा. ‘ओहोटी’साठी ठरलेला बासरीवाला आलाच नाही आणि बँडची मंडळी वैतागून घरी गेली. दुसऱ्या दिवशी नंदकिशोरने त्यांना बासरीच्या जागी एक शीळ ऐकवली. "कुणाची रे?" उदयसिंहने विचारलं. "माझी," नंदकिशोर म्हणाला.

ती होती वैजयंतीची. त्यांचं लग्न ठरलेलं होतं. त्या संध्याकाळी ती त्याला भेटायला स्टुडिओत आली होती आणि आधीच मुद्रित झालेली गिटार ऐकता ऐकता सहज शीळ घालायला लागली होती. त्याने ती टेपवर घेतली खरी, पण मग घाबरला. बाईमाणसाने शीळ घालणं म्हणजे त्याच्या साताऱ्याकडच्या घरात निव्वळ चावटपणा. आईला कळलं तर लग्न मोडेल, असं त्याने वैजयंतीला समजावलं. "मग नको माझं नाव," ती म्हणाली. कॅसेटवर छापून आलं, ‘शीळ : नंदकिशोर’.

एवढ्यावर थांबला असता तर एक वेळ ठीक होतं. पण लोक पाठ थोपटायला लागले आणि ते त्याला गोड लागलं. कारखान्यात, खांदेश्वरच्या सोसायटीत, क्षिप्राच्या शाळेतल्या गॅदरिंगला, जिथे जाईल तिथे त्याने ती शीळ मिरवली. कुणी फारच आग्रह केला की नेमका त्याचा घसा बसलेला असायचा. वैजयंती पाहुण्यांपुढे चहा ठेवून आत निघून जायची. लग्नानंतर तिने शीळ घातलेली त्याने कधी ऐकली नाही. का घालत नाहीस, असं विचारलंही नाही.

तो रंगमंचावर गेला. टाळ्या झाल्या. उदयसिंहने कडकडून मिठी मारली. थाप तयारच होती.

"दातांचं काम झालंय रे. आता शीळ येत नाही."

"टेन्शन नको. तू नुसता उभा राहा." उदयसिंह प्रेक्षकांकडे वळला. "शिळेच्या जागी आम्ही मिनिटभर गप्प राहतो. ज्याला आठवतेय त्याने मनातल्या मनात ऐका. मग गाणं सुरू करू."

दिवे मंद झाले. बायकोच्या वाट्याच्या टाळ्या पदरात पाडून घेऊन नंदकिशोर भर रंगमंचावर उभा होता. ते मिनिट संपता संपेना. जमीन दुभंगावी आणि तिने आपल्याला पोटात घ्यावं, असं त्याला झालं.

आणि पहिल्या रांगेतून शीळ आली.

आधी जरा हवाच, मग बारीक, पण सूर धरून. वैजयंती मांडीवर पर्स ठेवून, समोर बघत, बसल्या जागी शीळ घालत होती. वळणं सगळी तीच. शेवटी सूर लांबवायची ती खोडही तीच. क्षिप्राचा फोन हळूहळू बाबांवरून आईकडे वळला. उदयसिंहने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा नंदकिशोरकडे, आणि काही न विचारता गिटार छेडली.

गाणं संपलं. नंदकिशोर खाली कसा आला ते त्याचं त्यालाच ठाऊक. वैजयंतीभोवती लोक गोळा झाले होते. क्षिप्रा त्याच्याकडे बघायला तयार नव्हती. तो आईच्या खुर्चीशी वाकला. निदान एक कारण त्याच्यापाशी होतं, पंचवीस वर्षं जपलेलं.

"आई, तुला खपणार नाही म्हणून तेव्हा सांगितलं नाही."

"मला?" सगुणाबाईंनी चष्मा सारखा केला. "आरं, तू पाळीवर गेलास की ही रोज भांडी घासताना शीळ घालायची. मी टीव्ही बंद करून ऐकत बसायची. तू आलास की गप व्हायची. मला वाटायचं, तुलाच खपत न्हाई."