सहाचं दान

"आज मी टाकणार!" मनवाने हट्ट धरला. शलाकाचे हात पिठाचे होते. "बरं, टाक गं बाई," ती म्हणाली.

मारकुट्या नवऱ्यापासून, निरंजनपासून, लेकीला घेऊन पळाल्यापासून ती रोज फासा टाकायची. मैत्रिणींची सहा घरं होती, फासा सांगेल तिथे मुक्काम. निरंजनने शोधयंत्र आणलं होतं. घरातल्या कॅमेऱ्यांच्या जुन्या चित्रणातून सवयी ओळखून माणूस कुठे लपेल, ते यंत्र आधीच सांगायचं. फाशाला मात्र सवय नसते.

"सहा!" मनवा ओरडली.

सहावं घर सुगंधाचं, बेकरीमागची खोली. शलाकाने दार ढकललं, तर आत निरंजन खारी खात बसलेला.

"या राणीसाहेब. चहा गार झाला की."

"कसं कळलं तुला?"

"यंत्र म्हणालं, तू फासा टाकून घर ठरवणार, कधीतरी पोरगी हट्ट करणार आणि तू फासा तिला देणार. गोड घास शेवटी ठेवायची तुझी सवय, म्हणजे लाडकी सुगंधा सहावी. आणि ल्युडोत तुझी पाठ वळली की तुझा फासा सहावर कोण फिरवायचं? विचार तिलाच."

मनवाचा चेहरा पडला. "आई, सहा पडले की तुला परत खेळायला मिळतं ना, म्हणून…"

निरंजन उठला. शलाकाने लेकीला कडेवर घेतलं.

"मिळतं गं, बाळा," ती म्हणाली आणि पळत सुटली. कुठे, ते तिलाही माहीत नव्हतं.