दोन ठोके

खामगावहून आणलेली जुनी जीप नवरीला घेऊन मांडवापुढे उभी होती. दिवस बुडायच्या आत चिखली गाठायची होती. पण नवरदेव मनगटी घड्याळासाठी रुसून बाजेवर बसला होता आणि मुलीचे वडील हात जोडून विनवत होते. तेवढ्यात जीपही अडून बसली. मोतीराम ड्रायव्हरनं स्टार्टर दाबला, तर नुसतं 'टक्'. भोंगा जोरात वाजत होता, म्हणजे बॅटरीत दम होता. तो हातोडी घेऊन जीपखाली शिरला. दोनदा ठणठण वाजलं. बाहेर येऊन त्यानं पुन्हा स्टार्टर दाबला आणि जीप धडधडली. "काय झालतं तिले?" वडिलांनी विचारलं. "स्टार्टर रुसला व्हता. दोन ठोके देल्ले, सिध्धा झाला." नवरीनं पदर सावरून हात पुढे केला. "भाऊ, हातोडी द्या बरं इकडे." नवरदेव मुकाट्यानं जीपमध्ये चढला. "टाइम तं सूर्यावरूनबी समजते," तो पुटपुटला.