उतरता खांदा

“हा शर्ट शिवला कुणी हो? हातात कात्री होती की कोयता?” बँकवालीनं शर्ट टेबलावर पसरला आणि सगळ्याजणी हसल्या.

शनिवारी दुपारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत या बायका आपापलं शिवण घेऊन जमत. कुणाचा पडदा, कुणाची न जमलेली बाही. पोटासाठी शिवणारी एकही नव्हती. हौस होती, आणि हौसेहून जास्त गप्पा. आज एक नवी बाई आली होती. किडकिडीत, डोळ्यांखाली काळं. तिनं पिशवीतून हा पुरुषी शर्ट काढला. स्वच्छ धुतलेला, इस्त्री केलेला.

“मुलीसाठी याचा फ्रॉक करायचाय. कुठून कापू?” एवढंच ती बोलली.

मग काय, विचारणारी एक आणि सांगणाऱ्या सगळ्या. पाठ अख्खी निघेल, घेर तिथून काढ. काजं-बटणं उसवू नकोस, तीच फ्रॉकच्या पाठीवर येतील. बाह्यांचे खिसे होतील.

“ते सगळं नंतर. आधी हा खांदा बघा,” बँकवाली म्हणाली. “उजवा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली! शिंप्याकडून शिलाई परत घे गं बाई.”

नव्या बाईनं मान खाली घातली.

“टाचणीकाकू, तुम्हीच सांगा आता,” निवृत्त नर्स म्हणाली.

टाचणीकाकू खिडकीपाशी कुणाची तरी टीप उसवत बसल्या होत्या. ओठांत कायम टाचण्या आणि जिभेलाही टोक, म्हणून ते नाव. त्यांच्याइतका साफ हात तिथं कुणाचा नव्हता. चुकीला मात्र त्यांच्याकडे माफी नव्हती. “चुकलं की उसवायचं. वरून ठिगळ लावून झाकायचं नाही,” असं त्या बजावत. घरी एकट्याच असत. एक मुलगा होता म्हणे, पण विचारायची कुणाची छाती झाली नव्हती.

त्यांनी शर्ट घेतला, उलटा केला, उजव्या खांद्याच्या आत बोट फिरवलं. बोट तिथंच थांबलं.

आत कापसाची पातळशी गादी होती. अस्तराच्या दोन पदरांत हातानं टाचलेली. टाके असे, की डोळ्यांना दिसू नयेत, बोटालाच कळावेत.

काकूंचा मुलगा लहानपणी भिंतीवरून पडला होता. हाड जुळलं, पण वाकडं. शाळेतली पोरं त्याला ‘तराजू’ म्हणून चिडवायची. विकतचा शर्ट अंगावर सरळ बसेना, शिंपी कंटाळले, तेव्हा काकू कापडं नासवत नासवत मशीन शिकल्या. उजवा खांदा दोन बोटं खाली बेतायचा आणि आत गादी द्यायची. असा शर्ट टेबलावर वाकडा दिसे. त्याच्या अंगावर गेला की सरळ होई. शिवण ही त्यांची हौस कधीच नव्हती.

पुढं त्यानं पहिल्या नवऱ्याला सोडून आलेल्या एका बाईशी लग्न केलं. काकूंनी तिचा फोटोसुद्धा पाहिला नाही. तो निरोप घ्यायला दारात उभा राहिला, तेव्हा त्यांनी मशीन थांबवलं नव्हतं.

काकूंनी ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि डबीत ठेवल्या.

“ज्याचा आहे, तो घालत नाही आता?”

“नाही,” नवी बाई म्हणाली. “आता लागत नाही त्याला.”

हसणं जागच्या जागी विरलं. सगळं नर्सलाही कळलं नव्हतं, पण काकूंचा चेहरा तिनं पाहिला. “चला गं, खाली चहा घेऊ,” म्हणत तिनं सगळ्यांना बाहेर काढलं.

दोघीच उरल्या.

“तूच ना ती?”

“हो.”

“कधी गेला?”

“महिना होईल. फुफ्फुसं गेली होती. शेवटी बोलणं थांबलं, पण कान शाबूत होते.” तिनं शर्टाकडे पाहिलं. “घरी आले असते, तर तुम्ही दार उघडलं नसतं. इथं चारचौघींत हाकलणार नाही, असं वाटलं. तुमच्या हातचा हा एकच उरलाय. याला कात्री लावायचा मला धीर होत नाही. तुम्हीच लावा.”

काकूंनी कात्री उचलली. पुन्हा खाली ठेवली. रडू यायच्या आधी त्यांना राग आला. रागाची त्यांना सवय होती.

“महिना झाला! माझ्या पोटचं पोर जातं आणि मला पत्ता नाही? मी आले असते. धावत आले असते! एक फोन करायला काय तुझे हात मोडले होते?”

ती हळूच म्हणाली, “केला होता. त्याचं नाव घेतलं. तुम्ही म्हणालात, मला मुलगा नाही, पुन्हा इथं फोन करायचा नाही.”

काकूंना ती दुपार आठवली. अनोळखी आवाज, मशीनवर अर्धवट पडदा. पुढचं काही ऐकून न घेता त्यांनी फोन ठेवला होता.

“मला काय स्वप्न पडलं होतं तो आजारी असल्याचं?” त्यांचा आवाज फाटला. “परत करायचास! मी तुला बोलले होते गं, त्याला नाही! त्याला सांगितलं नाहीस ना ते?”

“मी नाही सांगितलं,” ती म्हणाली. “तुमचा आवाज ऐकायचा म्हणून त्यानं खुणेनं फोन मागितला होता. स्पीकर लावून मी तो त्याच्या उशीवर ठेवला होता.”