जोडाक्षरं गाळणारा चष्मा

शाळेने दिलेला वाचन-चष्मा लावून नऊ वर्षांची मृण्मयी धडाधड धडा वाचत होती. तिची आई वैजयंती मात्र संशयाने ऐकत होती. कालपर्यंत अक्षराअक्षराला अडणारी पोर आज एकदाही कशी अडखळत नाही?

तिने चष्मा स्वतःच्या डोळ्यांना लावला. धड्यातली जोडाक्षरं गायब होती, त्यांच्या जागी सोपे शब्द बसले होते. वहीवरच्या ‘मृण्मयी’चंही ‘माया’ झालं होतं.

“तुला माहीत होतं?”

“हो,” मृण्मयी मान खाली घालून म्हणाली. “म्हणून एकटी असले की मी चष्मा काढून वाचते. पण फार वेळ लागतो गं.”

“लागू दे,” म्हणत वैजयंतीने चष्मा मिटला आणि ती तिला खेटून बसली.

पहिली ओळ संपायला सात मिनिटं लागली. दुसरी मृण्मयीने आपणहून सुरू केली.