कपावरचा अंगठा

"आणि हा खळगा?" पाहुणीनं कप हातात फिरवत विचारलं.

प्रश्न नेहमीचा, उत्तरही पाठ झालेलं. पण आज कुंभारानं आधी आतल्या दाराकडे एक नजर टाकली.

"आईचा अंगठा," तो म्हणाला. "कपाचा कान ती कधी धरायचीच नाही. असा कडेला अंगठा रोवून धरायची. तिची आठवण म्हणून प्रत्येक कपावर ठेवतो."

पाहुणीनं स्वतःचा अंगठा टेकवून पाहिला. बरोब्बर बसला. हातानं वस्तू घडवणाऱ्यांवर ती पुस्तक लिहीत होती आणि त्यात याला घ्यायचं की नाही, हे आज ठरणार होतं. उद्याच्या त्याच्या प्रदर्शनाचं उद्घाटनही तीच करणार होती.

"आई कधी गेल्या?"

"झाली काही वर्षं." त्याचा चेहरा लालबुंद झाला. पाहुणीला वाटलं, बिचारा गहिवरला.

तेवढ्यात आतून एक म्हातारी ओल्या कपांची फळी घेऊन आली. फळी टेकवून खाली बसली आणि सवयीनं एकेका कपावर अंगठा दाबत सुटली.

"अय्या! खळगे मावशी करतात?"

कुंभाराचं धाबं दणाणलं. "मीच शिकवलंय त्यांना," तो घाईनं म्हणाला. "मला एकट्याला उरकत नाही हो."

म्हातारीचा हात थांबला. तिनं त्याच्याकडे पाहिलं. तो चाक पुसायला लागला. चाक स्वच्छच होतं.

"हो," म्हातारी म्हणाली. "यानंच शिकवलंय."

"किती वर्षं आहात इथं, मावशी?"

"हा एवढासा होता, तेव्हापासून."

"म्हणजे यांच्या आईंना ओळखत असाल!"

"ओळखायचे की. फार शहाणी नव्हती. पण पोरात जीव अडकलेला तिचा."

"कशानं गेल्या हो?"

"ते यालाच ठाऊक, बाई. मला कुठं काय कळलं!"

कुंभाराला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण इतके कसे घसरलो, हेच त्याला कळेना. पुस्तक गेलं खड्ड्यात, खरं काय ते सांगून मोकळं व्हावं, असं अगदी ओठांवर आलं. पण पाहुणी उठली.

"ठरलं. पुस्तकात पहिले तुम्हीच," ती म्हणाली, आणि ओठांवरचं परत पोटात गेलं.

गाडी दिसेनाशी झाली तरी तो दारातच उभा होता. आत जायला त्याला तोंड नव्हतं.

"घेतलं ना पुस्तकात? मग झालं तर," म्हातारी पुढचा कप उचलत म्हणाली. "उद्या मी येते कप मांडायला. पण सांभाळ हं, चारचौघांत चुकून 'आई' म्हणून हाक मारशील."