धोंड्याचा जावई

नागेश हातात दोरी घेऊन अंगणात शिरला, तेव्हा चांगुणाबाई चुलीपुढं धोंडे तळत बसली होती.

अधिकाचा महिना होता, म्हणजे जावयांची चंगळ. बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, टॉवेल-टोपी करायची. बाईचा जावई पुण्याला. रजा मिळत नाही म्हणून तो फोनवरच तृप्त होऊन मोकळा झाला होता. महिना कोरडा जाऊ नये म्हणून बाईनं तरीही पुरण घातलं होतं.

नागेश काही धोंडे खायला आला नव्हता. तो आला होता शेवंतीला न्यायला. शेवंती ही कारवानी जातीची शिकारी कुत्री, ह्याच अंगणात जन्मलेली. पिल्लू असताना नागेशनं ती मागून नेली, गंगाखेडकडच्या आपल्या मळ्यात. तिथं मोठी झाल्यावर एका सालात तिची दोन बाळंतपणं झाली. आता तिसऱ्यांदा जोड लावायला परभणीचा कुणी नामांकित कुत्रा ठरला होता. परवा शेवंती दोरी तोडून, शेतंच्या शेतं तुडवत थेट माहेरी आली आणि बाजेखाली अंग टाकून पडली. पोट खपाटीला गेलेलं, आचळं लोंबलेली. बाईनं तिला दूध-भाकरीचा काला हातानं भरवला होता.

पण कुत्री नागेशची होती. दिनकररावांनी सकाळीच बायकोला बजावलं होतं, की दिलेल्या वस्तूवर आपला हक्क राहत नसतो. बाईला ते कळत होतं. हक्क नव्हता खरा, पण धोंडे होते.

"या जावईबापू," ती म्हणाली, "पाय धुवा."

नागेश गडबडला. मग त्याला आठवलं. पिल्लू नेताना तोच हसत म्हणाला होता, मामी, पोरगी दिली म्हणून समजा, आजपासून मी तुमचा जावई. तेव्हा सगळेच हसले होते.

बाईनं पाट मांडला, ताटाभोवती रांगोळी ओढली, त्याच्या कपाळाला गंध लावलं आणि डोक्यावर कोरी टोपी घातली. पुण्याच्या जावयासाठी आणलेलीच ती. नागेशचं लग्नाचं वय टळत चाललं होतं. शेती करणाऱ्याला हल्ली कोण पोरगी देतंय? गावात मित्रांना धोंड्याची बोलावणी यायची अन् हा आपला पारावर बसून टोप्या मोजायचा. आज पाटावर बसल्यावर त्याचे कान लाल झाले. दोरी त्यानं हळूच मांडीखाली सरकवली.

दिनकरराव मिशीत हसत होते. बायकोला लग्नापासून ओळखत होते ते.

पहिला धोंडा नागेशच्या तोंडात गेला. दुसऱ्यावर तूप वाढायला बाईनं वाटी उचलली आणि ती तशीच हातात धरून ठेवली.

"नातवंडं कशी हायत?" तिनं विचारलं.

एक पिल्लू सोनपेठला गेलं होतं, एवढं नागेशला नक्की सांगता आलं. एक कुणी मोटारवाला घेऊन गेला होता. बाकीची बाजारात उचलली गेली. कुणी नेली, काय खाऊ घालतेत, बांधून ठेवतेत का मोकळी सोडतेत, हे विचारायचं राहून गेलं होतं.

"अन् लेक? तिला लगेच तिसऱ्यांदा?"

"मामी, कुत्री हाय ती," नागेश पुटपुटला. "ही जातच अशी हडकुळी दिसती."

"कुत्री हाय ना? मग तुमी ह्या पाटावर कोण म्हणून बसलाव?"

दिनकररावांना ठसका लागला. नागेशनं टोपी चाचपली. उठावं तर ताट वाढलेलं, न उठावं तर उत्तर द्यायचं राहिलेलं. आणि खरं सांगायचं तर त्याला उठायचं नव्हतं.

हा चिडून उठला, दोरी काढली, तर अडवायला चांगुणाबाईकडं काहीच नव्हतं. तरी तिनं आवाज चढू दिला नाही.

"बापू, उद्या कुणी तुमाला पोरगी द्यायची म्हणलं तर आधी चौकशी करंल. पहिली लेक कशी नांदवली, हे मलाच विचारतील. मी काय सांगू?"

बाजेखालून शेवंती उठली, सावकाश आली आणि आपलं लांबोडकं तोंड तिनं नागेशच्या गुडघ्यावर टेकवलं. शेपूट हलवली. तिचा काही राग नव्हता त्याच्यावर. तेच नागेशला लागलं. त्यानं धोंडा मोडला, फुंकून गार केला आणि अर्धा तिला दिला.

तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. परभणीचा कुत्रेवाला होता. रविवारी कुत्रा घेऊन किती वाजता येऊ, विचारत होता.

नागेशनं एकदा बाईकडं पाहिलं, एकदा तिच्या हातातल्या वाटीकडं.

"न्हाई जमणार, दादा," तो फोनवर म्हणाला. "बाळंतीण माहेरी आलीय. आता तिचं आप्रेशनच करून घ्यायलाव." पलीकडून काहीतरी जोरात विचारणा झाली. नागेशनं टोपी नीट केली. "कुणी सांगितलं म्हणून काय विचारता? सासूनं सांगितलंय!"

चांगुणाबाईनं तुपाची अख्खी वाटी त्याच्या ताटात उपडी केली.