घरातला नियम

उदयच्या कारखान्यात दिवसभर हिंदी चालायची आणि इंद्रपुरी कॉलनीतल्या घरी मराठी. प्रमोशनचा इंटरव्ह्यू मात्र इंग्रजीत होता. जिभेला सवय लागावी म्हणून त्याने नियमच केला: घरात मराठीचा एक शब्दही नको. त्याची बायको कांचन इंग्रजी शाळेत शिकवायची, तिला हे सहज जमलं. साताऱ्याहून आलेल्या आईने एक-दोनदा "अरे उदय, मला ना..." अशी सुरुवात केली, तेव्हा त्याने हसत बोट वर केलं. "इंग्लिश, आई, इंग्लिश! तुलाही येईल हळूहळू."

मग आई बोलेनाशीच झाली. घर शांत झालं, तयारी छान झाली.

प्रमोशन मिळालं त्या संध्याकाळी तो पेढे घेऊन आईच्या पाया पडला. "संपला तो नियम! आता बोल, मनसोक्त बोल."

त्याला उठवायला आई जरा वाकली आणि कुशीला हात दाबून मटकन खालीच बसली. चेहरा पांढराफटक.

"आई! कधीपासून दुखतंय हे? सांगायचं नाही का मला?"



"सांगायलाच येत होते रे. पण इंग्रजीत येईना."